लातूरची गाडी, लंडनचे मालक

१ जानेवारी १९५४ रोजी लातूरची रेल्वे भारत सरकारच्या मालकीची झाली. देश स्वतंत्र होऊन तोवर सहा वर्षे उलटली होती. हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरून निझामाची राजवट संपली, त्यालाही पाच वर्षे होऊन गेली होती. तरीही लातूरहून बार्शीमार्गे कुर्डुवाडीला जाणाऱ्या अरुंद रुळांवरच्या गाडीची इंजिने, डबे आणि स्टेशने लंडनमध्ये नोंदलेल्या एका कंपनीची होती. बार्शी लाईट रेल्वे कंपनी हे तिचे नाव. मराठवाड्याचा शेंगदाणा, जवस, करडई, डाळी तिच्या डब्यांतून जात आणि नफा उरला तर तो इंग्लंडातल्या भागधारकांकडे पोचे.

नांदेडचे तसे नव्हते. नांदेडवरून जाणारी मीटरगेज लाईनही मुळात लंडनच्याच कंपनीची, पण ती १९३० मध्ये निझाम सरकारने विकत घेतली आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत सामील झाली. दोन शहरे एकाच मराठवाड्यातली, पण दोघांच्या रेल्वेवरची परकी मालकी सुटण्यात चोवीस वर्षांचे अंतर पडले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख पोरासोरांना पाठ आहे आणि ती असायलाच हवी. मात्र राजवट गेली त्या दिवशी पैशाची आणि मालकीची गाठ सुटली नव्हती. ती गाठ कशी बसली आणि कशी सुटत गेली, हे आपण आपल्या इतिहासात फारसे सांगत नाही.

सुरुवात हैदराबादच्या पहिल्या रेल्वेपासून करायला हवी. वाडी ते सिकंदराबाद ही लाईन १८७४ मध्ये सुरू झाली. ती हवी होती इंग्रजांना, सिकंदराबादच्या छावणीकडे फौज आणि दारूगोळा नेण्यासाठी. खर्चाचा भार मात्र संस्थानावर पडला. दिवाण पहिले सालारजंग यांनी पैसा उभा करण्यासाठी पुष्कळ खटपट केली, तरी लाईन काही भरभराटीला येईना. मग १८८३ मध्ये लंडनमध्ये एक कंपनी निघाली. निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे असे तिचे नाव, आणि त्यातला ‘गॅरंटीड’ हा शब्दच सगळा व्यवहार सांगून जातो. भागधारकांना भांडवलावर वीस वर्षे दरसाल पाच टक्के मिळण्याची हमी निझाम सरकारने घेतली. गाडी रिकामी धावो की भरून, लंडनला पाच टक्के जायचेच.

अशी हमी असली की भागधारक कसा वागतो, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. लाईन कुठून न्यावी, स्टेशन बाजारपेठेजवळ असावे की नाही, खर्च आटोक्यात आहे का, हे प्रश्न त्याला पडत नाहीत, कारण तोटा त्याचा नसतो. हैदराबादेत काहींना हे तेव्हाच उमगले होते. चांद्यापर्यंत रेल्वे नेण्याच्या योजनेला आणि तिच्यामागच्या करारांना ज्यांनी उघड विरोध केला त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. शिक्षणतज्ज्ञ म्हणून हैदराबादेत त्यांचा मान होता. सरोजिनी नायडू ही त्यांची मुलगी. दरबाराने त्यांना संस्थानातून हद्दपार केले. रेल्वेच्या शेअरांबद्दल बोलल्याबद्दल माणसाला देशोधडीला लावले जाते, यावरून त्या शेअरांमागे केवढे हितसंबंध होते याचा अंदाज यावा.

पुढे १८८८ मध्ये तर असेच एक प्रकरण, खाणींचे, थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. खाणींचा मक्ता घेण्यासाठी लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी काढण्यात आली होती. दहा पौंडांचा एक असे एक लाख शेअर. त्यांतले पंच्याऐंशी हजार मक्ता मिळवणाऱ्यांनी पूर्ण पैसे भरल्याचे दाखवून स्वतःकडेच घेतले. संस्थानाचा बडा अधिकारी सरदार अब्दुल हक या व्यवहारात गुंतला होता, आणि निझाम सरकारसाठी चढ्या भावाने जे शेअर घेतले गेले त्यांत त्याचे स्वतःचेही होते. चौकशीसाठी हाउस ऑफ कॉमन्सला निवड समिती नेमावी लागली. हा पैसा ज्या तिजोरीतून गेला ती भरत होती सारावसुलीतून, म्हणजे तेलंगणाच्या आणि मराठवाड्याच्या रयतेकडून.

या हिशेबात आणखी एक गाठ होती चलनाची. संस्थानाचा रुपया वेगळा. त्याला लोक हाली म्हणत, इंग्रजी रुपयाला कलदार. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या वह्यांत दोन्हींचे हिशेब शेजारी शेजारी सापडतात. दोन्ही रुपये चांदीचे, आणि १८७३ नंतर जगात चांदी उतरत गेली. १८७० च्या सुमारास एका पौंडाला दहा-साडेदहा रुपये पुरत. शतकाच्या अखेरीस भाव पंधरा रुपयांवर येऊन थांबला. १८९३ मध्ये इंग्रजांनी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि कलदार सावरला. हाली मात्र कलदाराच्या मागे पडला. पुढे साधारण सात हालीला सहा कलदार हा भाव स्थिरावला. म्हणजे लंडनला एक पौंड द्यायचा तर पंधरा कलदार, आणि त्यासाठी साडेसतरा हाली. हमीची टक्केवारी कागदावर तीच राहिली. शेतकऱ्याच्या ज्वारीत मोजली तर ती वाढत गेली. महागाई नेहमी बाजारातच येते असे नाही. कधी ती विनिमयाच्या दरातून, कोणाच्या डोळ्यांवर न येता येते.

नांदेडला रेल्वे आली ती या हमीच्या जमान्यात. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती वर्षे छप्पन्नच्या (संवत १९५६) भीषण दुष्काळाची. गोदाकाठच्या काळ्या जमिनीतला गावरानी कापूस तिने मुंबईच्या गिरण्यांच्या आवाक्यात आणला. उमरी, धर्माबाद, नांदेड इथे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. पुढे नांदेडमध्ये उस्मानशाही मिल निघाली आणि शहराला गिरणगावाचे रूप आले.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. ही लाईन निझामाच्या मुलखात होती, पण संस्थानातल्या मुख्य रेल्वेमार्गांच्या हद्दीतला अंमल निझामाने इंग्रजांना सोडून दिला होता. हा अंमल कुठवर चालतो, असा वाद शंकरपल्ली स्टेशनवरच्या एका अटकेवरून निघाला आणि १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. रेल्वेच्या जमिनीवर रेल्वेच्या कामापुरताच हा अधिकार, असा निकाल लागला. साम्राज्य आपल्या गावात केवढे शिरले होते? रुळांच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणापर्यंत, हे त्याचे नेमके उत्तर.

लातूरची लाईन वेगळ्या जातीची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होता. बार्शीचा व्यापार मोठा आणि मुख्य लाईन मात्र लांब, हे त्याने हेरले. त्याने लंडनमध्ये भांडवल जमवले, १८९५ मध्ये कंपनी नोंदली आणि अडीच फूट रुंदीच्या रुळांवर कुर्डुवाडी ते बार्शी गाडी १८९७ मध्ये सुरू केली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. निझामाच्या रेल्वेसारखी भरभक्कम हमी तिच्या पाठीशी नव्हती. नफा कमवून दाखवायचा तेव्हाच भागधारकाच्या हाती काही पडायचे.

आणि म्हणूनच ही गाडी इतकी विचारपूर्वक बांधलेली होती. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू नये, असा दंडक कॅल्थ्रॉपने घातला. त्यामुळे हलके रूळ चालले, पूल स्वस्तात झाले, आणि तरीही डब्यात माल भरपूर मावू लागला. लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून त्याने हे डबे आणि इंजिने तज्ज्ञांना चालवून दाखवली. जगभरच्या अरुंद रेल्वेच्या अभ्यासकांना आजही बार्शीचे नाव ठाऊक आहे ते यामुळे. पंढरीच्या वारकऱ्यांच्या तिकिटांवर आणि आडतीच्या मालावर ही कंपनी जगली. मला या दोन रेल्वेंमधला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. हमी असलेल्या भागधारकाला मराठवाड्याशी काही देणेघेणे नव्हते. हमी नसलेल्याला लातूरच्या हंगामाची काळजी करावी लागे, कारण लातूरला पीक बुडाले की लंडनला लाभांश बुडण्याची भीती होती. परके दोघेही, पण वागणूक निराळी.

रेल्वे आल्यावर सहा वर्षांत, १९१७ मध्ये, लातूरची गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते म्हणजे लातूरच्या व्यापाराने स्वतःसाठी बांधून घेतलेले घरच. आडत्ये, हमाल, मापाडी, हुंडेकरी यांची एक दुनियाच तिच्याभोवती वसली. मात्र कुर्डुवाडीला अरुंद रूळ संपून रुंद सुरू होत, आणि तिथे प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावे लागे. कुर्डुवाडीहून मुंबईला जाणाऱ्या जी.आय.पी.ची गोष्टही काही वेगळी नव्हती. सरकारने ती १९०० मध्ये विकत घेतली खरी, पण किंमत एकरकमी न देता तिच्या जुन्या भागधारकांना १९४८ पर्यंत वार्षिक हप्ते द्यायचे ठरवून.

१९३० मध्ये सर अकबर हैदरी यांच्या अर्थखात्याने निझाम्स गॅरंटीड रेल्वे कंपनीकडून विकत घेतली, हा संस्थानाच्या कारभारातला शहाणपणाचा निर्णय होता. मालकी हाती येताच फरक दिसला. दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, या सरकारी रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. रेल्वे आणि रस्ता यांचा एकत्र विचार करणे आता शक्य झाले. १९२९ च्या औद्योगिक विश्वस्त निधीतून सरकारने कारखान्यांतही भागभांडवल घातले होते. सिंगरेणीच्या खाणी चालवणाऱ्या, लंडनच्या शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचे बहुसंख्य शेअरही निझाम सरकारने १९४५ मध्ये घेतले. हा निझामाचा देशाभिमान नव्हता. पण रयतेच्या पैशाने घेतलेली मालमत्ता पुढे रयतेकडेच आली, हे नाकारता येत नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. इंग्लंडने हिंदुस्थानातून माल उचलला आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर मांडून ठेवली. त्या खात्याच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. १९४३-४४ पर्यंत घाऊक किमती १९३९ च्या दुपटीहून वर गेल्या होत्या. युद्ध संपल्यावर इंग्लंड हिंदुस्थानचे सुमारे सतराशे कोटी रुपये देणे लागत होते. कर्जदार एकाएकी सावकार झाला होता, पण या सावकारीची किंमत इथल्या माणसाने महागलेले धान्य खाऊन, किंवा न खाऊन, आधीच चुकती केली होती. हैदराबादेत लेव्हीचे ओझे आणखी वेगळे. पिकवणाऱ्याकडून सरकारी भावाने धान्य सक्तीने उचलले जाई. मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यलढ्याने लेव्हीविरुद्ध आणि करोडगिरी (जकात) नाक्यांविरुद्ध जे हत्यार उपसले, त्याचे मूळ या महागाईत आहे.

याच काळात हिंदुस्थान सरकारने परक्या रेल्वे कंपन्या भराभर घेतल्या. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न १९४३ मध्ये, मद्रास अँड सदर्न मराठा आणि साउथ इंडियन १९४४ मध्ये. मोठी मंडळी गेली. दोनशे-सव्वादोनशे मैलांची बार्शी लाईट राहून गेली. ती घेऊन काय करायचे, असा विचार झाला असावा.

१९४७ च्या नोव्हेंबरात भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला, आणि शाई वाळते न वाळते तोच लढाई पैशाच्या मैदानावर सुरू झाली. भारत सरकारने १९४८ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेत तिचा तपशील आहे. निझाम सरकारने भारतीय चलनाची कायदेशीर मान्यता काढून घेतली, मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंदी घातली, आणि भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने वीस कोटींचे कर्ज पाकिस्तानला देऊ केले. निझामाचे पंतप्रधान मीर लायक अली स्वतः उद्योगपती. निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली केलेला माणूस. कलदार चालेना म्हटल्यावर सरहद्दीवरच्या गावांची केवढी कोंडी झाली असेल! बार्शी इंग्रजी मुलखातली, म्हणून आता स्वतंत्र भारतातली, लातूर निझामाचे. दोन्ही गावे एकाच कंपनीच्या रुळांवर, आणि मधे आता दोन देशांची सरहद्द.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथल्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली आणि लाखोंची रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, म्हणून उमरीची बातमी देशभर झाकोळली. पण त्या धाडीने नेमके मर्म गाठले होते. कापसाच्या या रेल्वेकाठच्या पेठेत जमणारा पैसा म्हणजेच राजवटीची ताकद, हे त्या तरुणांनी ओळखले होते.

सप्टेंबरात भारतीय फौजा शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सारे आटोपले. पण कारवाई संपल्यावर, २० सप्टेंबरला, निझामाच्या नावावरचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. त्या पैशाचा निकाल लंडनच्याच कोर्टात लागला, आणि तो २०१९ मध्ये, भारताच्या आणि निझामाच्या वारसांच्या बाजूने. रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंड झाली होती. हैदराबादच्या पैशाचा न्याय करायला लंडनला एकाहत्तर वर्षे लागली.

स्वतंत्र भारताचा रुपयाही लंडनला बांधलेलाच होता. १९४८ च्या जुलैत झालेल्या समझोत्यात पौंडांच्या शिलकेतून दहा कोटी पौंड इंग्रजांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानापोटी गेले, आणि सुमारे सतरा कोटी पौंड निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनपोटी. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे साडेतीस टक्के अवमूल्यन झाले आणि रुपया त्याच्या मागोमाग उतरला. त्यामागे कारणे होती. निर्यातीचा मोठा भाग पौंडाला चलन बांधलेल्या देशांकडेच जात होता. पण हिशेब मांडून पाहावा. रुपया जागेवर राहिला असता तर एका पौंडाला सव्वातेरा-साडेतेराऐवजी सव्वानऊ रुपये पुरले असते, आणि लंडनच्या कंपनीची किंमत चुकवताना तेवढे वाचले असते. शिवाय पाकिस्तानने अवमूल्यन केले नाही, त्यामुळे तिकडचा कापूस महागला आणि व्यापार अडला. पाठोपाठ कोरियाच्या युद्धाने कापूस-तेलबियांचे भाव भडकले. नांदेड-लातूरच्या पेठांत पैसा खेळला; रोजंदारीवर ज्वारी विकत घेणाऱ्याच्या पोटाला मात्र चिमटा बसला.

त्यातच हालीचा कलदार करायचा होता. दर तोच, सात हालीला सहा. सत्तर हाली पगाराचे साठ कलदार झाले. हिशेब चोख, पण एक हालीची वस्तू कलदारात तेरा आणे साडेआठ पैंची होते, आणि एवढी चिल्लर कोण मोजणार? गोळाबेरीज वरच्या बाजूला होते, आणि ती छोट्या गिऱ्हाइकाच्या खिशातून होते. हाली पन्नाशीच्या दशकात हळूहळू बाजारातून गेला. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात येऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला.

बार्शी लाईटचा नंबर या सगळ्याच्या मधे लागला. १९५४ मध्ये ती मध्य रेल्वेत आली. शेजारच्या यवतमाळकडची शकुंतला रेल्वे तर त्यानंतरही दशकानुदशके खाजगी कंपनीच्या मालकीची राहिली, आणि सरकार तिच्या वापराचे पैसे देत राहिले. म्हणून १९५४ ला उशीर म्हणावा की सुटका, हे कशाशी तुलना करतो यावर आहे. माझ्या मते तो उशीरच होता. आज ना उद्या सरकार घेणार हे ठाऊक असलेली कंपनी नवे रूळ, नवी इंजिने कशाला घेईल? भागधारकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी कोणीही तेच केले असते. दोष त्या व्यवस्थेचा, जिने लातूरची गरज लंडनच्या ताळेबंदात बसवली.

मालक बदलले, रूळ तेच राहिले. नांदेडला मीटरगेज, लातूरला नॅरोगेज. बाकीचा देश रुंद रुळांवर चालला होता. मुक्तिलढ्यातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांना मनमाड-सिकंदराबाद लाईन रुंद करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. लातूरपर्यंतचे काम तर २००७-०८ मध्ये पुरे झाले. ते झाले नसते तर एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याचे टँकर घेऊन निघालेली गाडी लातूरला पोचूच शकली नसती. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा रस्ता मुळात कॅल्थ्रॉपच्या कंपनीनेच पाडलेला. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आले.

नांदेड आणि लातूर मात्र एकमेकांना सरळ जोडले गेले नाहीत. एका लाईनची आखणी हैदराबादच्या दृष्टीने झाली होती, दुसरीची बार्शीच्या व्यापाऱ्यांच्या; दोन्ही शहरांचा मिळून विचार करायचे कारण कोणत्याच भागधारकाला नव्हते, आणि नंतर सरकारनेही ते काम हाती घेतले नाही. आजही नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालावा लागतो, आणि बहुतेक लोक एसटीनेच जातात.